गूढाचा उलगडा न करणारा लेख पुरा कसा मानायचा?

वाचनकट्टा_रत्नागिरी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या रत्नागिरीतल्या वाचनकट्ट्याने यंदाच्या पावसाळ्यात डेव्हिड ग्रॅन या अमेरिकन पत्रकाराचा 'द डेव्हिल अँड शेरलॉक होम्स' हा लेखसंग्रह वाचायला घेतला होता. पुस्तक २०१० सालचे आहे, त्यात बारा दीर्घ लेख आहेत आणि त्यांपैकी बरेचसे आधी 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात आले होते. कारण न सापडलेले मृत्यू, हरवलेल्या मुलाच्या जागी येऊन राहिलेला तोतया, म्हातारपणीही बँका लुटण्याचा नाद न सुटलेला दरोडेखोर, महाकाय माकूळ (स्क्विड) जिवंत पकडण्यासाठी रात्री-अपरात्री समुद्रात जाळी टाकणारा न्यूझीलंडचा संशोधक, अशी एकाहून एक नादिष्ट माणसे त्यात भेटतात.

वाद झाला तो शेवटांवरून. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "चाळीस पाने वाचायला लावून शेवटी काय झाले ते सांगायचेच नाही, म्हणजे सत्यनारायणाला बोलावून तीर्थप्रसाद न देता वाटेला लावण्यासारखे आहे." त्यावर न्यायालयात नाझर म्हणून नोकरी केलेले दुसरे सभासद म्हणाले की, पुराव्याअभावी निर्णय देता येत नाही असे लिहिणे हाही निर्णयच असतो, आणि तो लिहायला अधिक धाडस लागते. दोघेही आपापल्या जागेवरून हललेले नाहीत.

प्रश्न केवळ वाचनाचा असता तर येथे मांडला नसता. येत्या दिवाळीला कट्ट्याचा हस्तलिखित अंक निघायचा आहे आणि या पुस्तकाच्या प्रभावाखाली सर्वांनी 'कोकणातली न उलगडलेली कोडी' हा विषय नक्की केला आहे. भुते, चकवा, मुंजा आणि देवचार यांना मज्जाव आहे, कारण तो माल आमच्याकडे पोत्यांनी आहे. तेव्हा विचारावेसे वाटते की, उत्तर हाती नसताना लेख पुरा झाला असे लेखकाने कोणत्या खुणेवरून ओळखावे, आणि आपल्या किनाऱ्यावरचा कोणता विषय अशा लेखनाला उतरेल?


जुनी_दौत

आपल्या मुख्याध्यापकांचा राग मला समजतो, परंतु त्यांनी ज्या लेखामुळे पुस्तक मिटले तो बहुधा शेरलॉक होम्सच्या अभ्यासकावरचा पहिला लेख असावा, आणि त्यांचे म्हणणे नेमके त्याच लेखाला लागू पडत नाही असे मला वाटते.

रिचर्ड लॅन्सेलिन ग्रीन हे होम्सचे जगातले अग्रगण्य जाणकार २००४ च्या मार्चमध्ये लंडनच्या राहत्या घरात मृतावस्थेत सापडले. गळ्याभोवती बुटाची नाडी होती आणि ती लाकडी चमच्याने पिळून आवळलेली होती. कॉनन डॉयल यांच्या कागदपत्रांचा लिलाव थांबवण्यासाठी ते धडपडत होते, कोणी अमेरिकन आपल्या पाळतीवर आहे असे त्यांनी मित्रांना सांगितले होते, आणि मृत्यूच्या सुमारास त्यांच्या घरी फोन केला तर निरोप घेणाऱ्या यंत्रावर त्यांच्याऐवजी अपरिचित अमेरिकन आवाज ऐकू येत होता. एवढे साहित्य हाती आल्यावर आपल्याकडच्या कित्येक लेखकांनी खुनी शोधून काढून त्याला फाशीही दिली असती. ग्रॅन त्या आवाजाच्या मागे जातो आणि तो आवाज यंत्राबरोबर कारखान्यातून भरून आलेला, सर्वांसाठी सारखाच असलेला संदेश होता हे दाखवून मोकळा होतो. त्याचबरोबर होम्सच्या एका कथेत आत्महत्या खुनासारखी भासावी अशी योजना केलेली आहे, हेही तो आपल्यापुढे ठेवतो. मृत्यूच्या चौकशीचा निकाल खुला राहिला आणि लेखही तो खुलाच ठेवतो. मात्र त्याने पकडलेला प्रत्येक धागा टोकापर्यंत नेलेला आहे. जेथे टोक नाही तेथे ते नाही असे स्वच्छ दिसते. माझ्या मते हीच ती खूण. लेखकाने धागा अर्ध्यावर सोडला असेल तर लेख अपुरा, धागाच संपला असेल तर लेख पुरा.

परंतु या संग्रहातला खरा लेख वेगळाच आहे. टेक्सासमधल्या कोर्सिकाना गावी २३ डिसेंबर १९९१ रोजी एका घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या, आणि आग बापानेच लावली असे ठरवून कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमला १७ फेब्रुवारी २००४ रोजी मृत्युदंड देण्यात आला. ज्वालाग्राही द्रव ओतल्याच्या म्हणून ज्या खुणा न्यायालयात सांगितल्या गेल्या, त्यांत खिडकीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पडलेल्या बारीक चिरांची एक खूण होती. आग विलक्षण वेगाने तापली तरच अशा चिरा पडतात, असा जुन्या तपासनिसांचा समज होता. प्रत्यक्षात तापलेल्या काचेवर आग विझवणाऱ्यांचे पाणी पडले की त्या पडतात. हा परिच्छेद वाचताना मी थांबलो, कारण आमच्या घरी वीज येण्यापूर्वी पडवीत कंदील टांगलेला असे आणि झडीचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडला की टिचकी मारल्यासारखा आवाज होऊन ती तडकत असे. काचेचे पैसे कोणाच्या नावावर मांडायचे यावरून आम्हा भावंडांत भांडणे होत. जे आमच्या आजीला ठाऊक होते ते एका माणसाच्या जिवाचा निवाडा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. जेराल्ड हर्स्ट या शास्त्रज्ञाने असे एकेक अनुमान खोडून काढणारा अहवाल शिक्षेच्या काही दिवस आधी पाठवला होता, तरी शिक्षा टळली नाही.

आग कशी लागली हे या लेखातही शेवटपर्यंत कळत नाही, आणि तरीही लेख अपुरा वाटल्याची तक्रार मी कोणाकडून ऐकलेली नाही. प्रश्नच बदललेला असतो. 'आग कोणी लावली' येथून सुरू झालेला लेख 'तुम्हाला ते ठाऊक आहे असे तुम्ही कशाच्या आधारे म्हणालात' येथे येऊन पोहोचतो.

ग्रॅनबद्दल एक तक्रार मात्र नोंदवतो. पोलंडच्या क्रिस्तियन बाला या लेखकाने केलेल्या खुनाची हकिगत सांगताना तो माहिती हातची राखून ठेवतो आणि योग्य वेळी पत्ता टाकतो. मृताचा मोबाइल बालाने लिलावाच्या संकेतस्थळावर विकला होता, ही गोष्ट तपासाच्या क्रमाने कळली तर ठीक. परंतु काही ठिकाणी हा क्रम तपासाचा नसून लेखकाच्या सोयीचा आहे असा संशय येतो. बेसबॉलपटूवरचा लेख, खेळाचे नियम ठाऊक नसल्यामुळे, मी वाचला एवढेच म्हणतो.


वाघोटण_खाडी

जुनी_दौत यांनी सांगितलेली खूण पटली. विषय म्हणून मी आमच्याच गावाजवळचा एक सुचवतो, कारण त्यात कोडे आहे असे कोणालाच वाटत नाही आणि मला तेच त्याचे खरे आकर्षण वाटते.

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून दगडी चौथऱ्यांची जागा दाखवतात. शाळेच्या सहलीत आम्हाला सांगण्यात आले होते की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण उभी केली आणि सूर्याच्या प्रकाशात हेलियमचा शोध लावला. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो आणि मी दोन-तीनदा हौसेने गेलो आहे.

मला शंका आली ती कोणत्याही पुस्तकामुळे नाही, छत्रीमुळे आली. ओट्याजवळ भाषण चालू होते, वारा खाडीकडून येत होता, छत्री दोनदा उलटी झाली आणि समोरच्या तटापलीकडे समुद्र कोठे संपतो आणि आभाळ कोठे सुरू होते ते कळत नव्हते. पंचांगाचा हिशोब केला तर १८६८ चे ते ग्रहण श्रावण अमावास्येचे, म्हणजे गणपती तोंडावर आलेले. ग्रहणाची तारीख माणसाच्या हातात नसते हे कबूल, परंतु जागा निवडणे असते. आणि ऐन श्रावणात कोकणच्या किनाऱ्यावर दुर्बीण रोवणारा साहेब फारच आशावादी असला पाहिजे.

मग वाचू लागलो. त्या ग्रहणासाठी आलेली मंडळी घाटापलीकडे बसली होती. विजापूर आणि जमखंडी येथे निरीक्षणे झाली, आणि फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटातील रेषा इतक्या ठळक आहेत की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील, हे जान्सेन यांच्या तेथे ध्यानात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाशिवाय, तेथूनच ज्वाला पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली आणि फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे कोरलेले पदक काढले. सोडियमच्या रेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी जी पिवळी रेषा होती, ती नव्या मूलद्रव्याची असावी असे पुढे लॉकियर यांनी मानले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्से यांच्या हाती १८९५ साली लागले.

तर मग साहेब आमच्याकडे आलाच नाही काय? आला होता. २२ जानेवारी १८९८ रोजी दुसरे खग्रास ग्रहण झाले, त्याची पट्टी विजयदुर्गावरून गेली आणि लॉकियर 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेच्या मदतीने लवाजम्यासह येथे उतरले होते. नौकेवरच्या खलाशांना उपकरणांवर उभे करून त्यांच्याकडून तालमी करून घेतल्या होत्या. पौष अमावास्या, थंडीचे दिवस, धुतल्यासारखे निरभ्र आकाश. हे आमच्या किनाऱ्याला साजेसे आहे. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगामवाला सोलापूरच्या बाजूला जेऊरला होते.

म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, ग्रहण खरे आणि हेलियमही खरा. फक्त आमच्या लोकांनी तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणे धोतराच्या निऱ्यांसारखी एकत्र धरून खोवली. हे मी गावातल्या एका वयस्कर काकांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमचो हेलियम गेलो म्हणायचो?" मला अपराध्यासारखे झाले. पण शंभरावर खलाशी आपले जहाज सोडून किल्ल्यावर दुर्बिणींच्या तालमी करत आहेत, हे चित्र मला त्या सांगोवांगी गोष्टीहून अधिक मोलाचे वाटते.

आणि कोडे अजून शिल्लक आहेच. ही दोन ग्रहणे प्रथम कोणी जोडली? एखाद्या मार्गदर्शकाने, शाळामास्तराने की वर्तमानपत्राने? त्याचा शोध घेण्यासाठी जुनी पुस्तके व अंक उपसावे लागतील आणि गावातल्या म्हाताऱ्यांना 'तुम्हाला हे कोणी सांगितले' असे एकेक पिढी मागे जात विचारावे लागेल. उत्तर न मिळाले तरी अशा शोधाचा लेख वाचनीय होईल.


हर्णै_बंदर

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु कोडी सोडवण्याच्या उत्साहात ज्यांच्या घरात ते कोडे घडले त्यांचा विचार मागे पडतो, म्हणून थोडा विरोधाचा सूर लावतो.

या संग्रहात फ्रेदेरिक बूर्दँ या फ्रेंच तोतयाची हकिगत आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातून निकोलस बार्कले हा तेरा वर्षांचा मुलगा १९९४ साली नाहीसा झाला. तीन वर्षांनी स्पेनमध्ये तेवीस वर्षांच्या बूर्दँने तोच आपण असल्याचे सांगितले. हरवलेल्या मुलाचे डोळे निळे आणि याचे तपकिरी; बोलण्याला परदेशी हेल. तरी घरच्यांनी त्याला घरात घेतले. शेवटी एका खाजगी गुप्तहेराने जुन्या छायाचित्रातले कान आणि याचे कान ताडून पाहिले आणि बिंग फुटले. घरच्यांनी त्याला का स्वीकारले, या प्रश्नाभोवती तो लेख फिरतो आणि त्यांच्यावरच संशयाची सावली टाकून थांबतो.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, परंतु त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात किंतु राहिला आणि पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. त्यांच्या नावाने पुढे आलेला तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यावरच कैदेत होता. १७७६ साली तो तेथून सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. बोरघाटापर्यंत त्याची मजल गेली. अखेर आंगऱ्यांनी त्याला पकडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. तो कोण होता हे पेशवाईतल्या कारभाऱ्यांनी चौकशी करून ठरवले. पण पानिपताला पंधरा वर्षे लोटल्यावरही किल्ल्यांचे दरवाजे त्याला उघडत गेले, ते केवळ फितुरीमुळे उघडले की मनातून कोणीतरी भाऊंची वाट पाहत होते म्हणूनही? तुमच्या अंकाला एवढा मोठा विषय, तोही तुमच्याच किल्ल्यावरचा, हाताशी असताना शोधायला लांब जाण्याची गरज नाही.

आता विरोध कशाला ते सांगतो. आमच्या आळीतला एक मुलगा मच्छिमार नौकेवर खलाशी होता. वादळात नौका परतली, तो परतला नाही. पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मृत मानता येत असे आणि नव्या कायद्यातही सात वर्षांची मुदत तशीच ठेवली आहे. त्याच्या आईने ती मुदत उलटून गेल्यावरही अर्ज केलेला नाही. पडवीतल्या खुंटीला त्याची रबरी चप्पल दोरीत ओवून टांगलेली आहे, दर पावसाळ्याआधी ती धुऊन पुन्हा टांगली जाते आणि घरात पाहुणा आला तर त्या खुंटीला कोणी छत्री अडकवू देत नाही. काही वर्षांपूर्वी एका मासिकात या घटनेवर 'समुद्राने गिळलेले रहस्य' अशा थाटाचा लेख आला. लिहिणारे गृहस्थ बंदरावर चहा पिऊन, दोघा-तिघांशी बोलून गेले. घरी आले नाहीत. मुलाचे नौकामालकाशी पटत नव्हते, तो कोठेतरी पळून गेला असावा, अशा शक्यता त्यांनी शेवटी मांडल्या. त्या माउलीने तो लेख शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला आणि त्यानंतर ती वर्षभर टपाल येण्याच्या वेळी दारात बसत असे.

जुनी_दौत म्हणतात की टोक नसेल तेथे ते नाही असे स्वच्छ दाखवावे. बरोबर आहे. परंतु शक्यता मांडण्यापूर्वी ती कोणाच्या पडवीत जाऊन पडणार आहे हे लेखकाने पाहून यावे. तोतयाच्या दफ्तरातल्या माणसांना जाऊन अडीच शतके होत आली, तेथे हवे तितके खणा.


अर्जुना_काठ

राजापूरच्या गंगेचे नाव अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. उन्हाळे गावाच्या वरच्या टेकाडावर वडाखालची मूळ गंगा आणि चौदा कुंडे आहेत. एरवी कोरडी असणारी ही कुंडे अचानक भरतात, काही आठवडे किंवा महिने वाहतात आणि पुन्हा आटतात. दर तीन वर्षांनी गंगा येते असे परंपरेने सांगतात आणि जमिनीखालची पोकळी ठरावीक पातळीपर्यंत भरली की वक्रनळीप्रमाणे (सायफनप्रमाणे) एकदम रिकामी होते, असे स्पष्टीकरण शाळेत शिकवतात.

माझे वडील पंचांगाच्या समासात पेन्सिलीने 'गंगा आली', 'गंगा गेली' असे लिहून ठेवत. ते गेल्यावर पेटीतली पंचांगे काढून मी या नोंदी एका कागदावर उतरवल्या, तेव्हा 'दर तीन वर्षांनी' हे फारच ढोबळ निघाले. कधी अंतर लांबले आहे, आणि अलीकडे तर गंगा पूर्वीपेक्षा लवकर लवकर येते. एका पानावर 'गंगा आली' याच्या शेजारी 'गाय व्याली' आणि दुधाचा हिशोब आहे. त्यावरून नोंद त्याच दिवशी केलेली असावी, मागाहून आठवून नव्हे, असा माझा कयास आहे.

वक्रनळीची आकृती काढणे सोपे आहे. परंतु गंगेच्या तारखा एका बाजूला आणि पर्जन्यमापकाचे आकडे दुसऱ्या बाजूला मांडून पाहिल्याशिवाय ते स्पष्टीकरण आहे की नुसती आकृती आहे हे कळणार नाही. आपल्या कट्ट्यावरच्या मुख्याध्यापकांना हे काम द्यावे असे नम्रपणे सुचवतो. उत्तराची ओढ असलेल्या माणसाच्या हातूनच असली कामे होतात. येथे कोणाच्या पडवीला धक्का लागत नाही, हेही हर्णै_बंदर यांच्यासाठी नमूद करतो.


सडा_कातळ

कातळशिल्पांवर, म्हणजे जांभ्याच्या कातळावर कोरलेल्या जुन्या आकृत्यांवर, अंकात लेख येणार हे गृहीत धरून एवढेच सांगतो की, तो 'परग्रहवासीयांनी कोरली काय' या वळणावर जाऊ देऊ नका. उक्षी, बारसू, कशेळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही नावे आता सर्वांना ठाऊक झाली आहेत आणि २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेशही झाला. ती केव्हाची आहेत आणि का कोरली, याविषयी एकमत नाही. कशेळीच्या अवाढव्य हत्तीच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, आणि आज कोकणात जो नाही तो गेंडा काही ठिकाणी दिसतो.

माझा मुद्दा शोधणाऱ्यांविषयी आहे. रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी सुट्टीच्या दिवशी दुचाकीवरून सडे, म्हणजे कातळाचे उघडे माळ, पालथे घातले, गुराख्यांना विचारले, खराटे घेऊन कातळ झाडले. सड्यावर कोरीव रेघ सहजासहजी दिसत नाही. दुपारच्या उन्हात सगळा जांभा सारखाच काळवंडलेला दिसतो; संध्याकाळी किरणे तिरपी झाली की रेघेच्या एका काठावर सावली धरते आणि आपण ज्याच्यावर उभे आहोत ते एखाद्या प्राण्याचे पाऊल आहे हे कळते. मला स्वतःला एका नव्या ठिकाणी ज्या म्हाताऱ्या गुराख्याने नेले, तो लहानपणापासून त्या चौकटीत बसून भाकरी खात आला होता. त्याला ते कोडे वाटत नव्हते. "पांडवांनी एका रात्रीत केलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धं राहिलं," असे त्याने सांगितले, आणि अर्धवट राहिलेली बाजू कोणती तेही काठीने दाखवले. ती बाजू खरोखरच अपुरी आहे. पांडवांचे सोडा, परंतु काम मध्येच थांबले हे निरीक्षण त्याचे आहे आणि लेखात ते त्याच्या श्रेयाने यायला हवे.

देवाचे गोठणे येथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे पाहायला हल्ली पुष्कळ लोक जातात. जाणार असाल तर सुई केवळ शिल्पावर ठेवून चित्रफीत काढू नका. चारही दिशांना दहा-दहा पावलांवर ठेवून प्रत्येक ठिकाणची नोंद करा. जांभ्यात लोह भरपूर असते. सुई कातळामुळे वळते एवढे म्हणता येईल. परंतु कोरणाऱ्यांना ते ठाऊक होते काय, हा प्रश्न होकायंत्राने सुटणारा नाही. आणि लवकर जा, कारण चिरेखाणी कोणाची वाट पाहत नाहीत.


वाचनकट्टा_रत्नागिरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी ही सर्व उत्तरे कट्ट्यावर मोठ्याने वाचली. हर्णै_बंदर यांचे उत्तर वाचून झाल्यावर कोणी लगेच बोलले नाही. समुद्रात नाहीशा झालेल्या एका नौकेवर लेख लिहिण्याचे आमच्यातल्या एकाने ठरवले होते, त्याने तो विषय स्वतःहून मागे घेतला आहे आणि तोतयाचे बंड पत्करले आहे. पेशवे दफ्तरातले छापील कागद कोठून मिळवायचे याची यादी नाझरसाहेब करत आहेत.

विजयदुर्गला आम्ही पाच जण पुढच्या रविवारी जाणार आहोत. वाघोटण_खाडी यांनी शक्य असल्यास त्या काकांची गाठ घालून द्यावी. हेलियमची गोष्ट त्यांना कोणी सांगितली, हा पहिला प्रश्न त्यांनाच विचारायचा आहे.

मुख्याध्यापकांनी गंगेचे काम घेतले, मात्र त्याआधी "आकडे जुळले तर उत्तर लिहीन, नाही जुळले तर मी लेख देणार नाही" अशी अट घातली. नाझरसाहेबांनी ती मान्य केली नाही. आकडे जुळोत वा न जुळोत, तक्ता छापायचाच, असे बहुमताने ठरले आहे. अर्जुना_काठ यांना विनंती की, पंचांगांच्या समासांची छायाचित्रे पाठवावीत. फक्त नोंदींची नव्हे, गाय आणि दुधाच्या हिशोबासकट पूर्ण पानांची. पेटीतली पाने दमट असतील तर उलगडण्याआधी एक-दोन दिवस पंख्याखाली ठेवावीत. घाई नाही, अंकाला अजून दीड महिना आहे.